खतावणी असताना कीर्द चाळली

2 जून 2020 च्या संध्याकाळी शिनोलीच्या घरी माडीवर बसून मी एक स्क्रिप्ट चालवली आणि पुण्यातल्या एका संशोधन संस्थेतल्या शंभरावर प्रकल्पांच्या फोल्डरांवरून तिथल्या माणसांचा हक्क काढून घेतला. तसं करण्याचा हेतू नव्हता. मला फक्त साफसफाई करायची होती. स्क्रिप्ट विनातक्रार संपली, मी लॅपटॉप मिटला आणि खाली जेवायला गेलो. दुसऱ्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ आलं. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले, आणि आपण काय करून बसलो आहोत हे कळायला मला तीन दिवस लागले.

बिघाड पुढे दुरुस्त झाला. तरीही हे लिहायला घेतलं, कारण त्या संध्याकाळची चूक एकटी नव्हती. तिच्यामागे दोन वर्षांतल्या आणखी तीन चुका होत्या, आणि प्रत्येक चूक आधीच्या चुकीचा त्रास कमी व्हावा म्हणून केलेली होती. त्या वेळी मला त्या चुका वाटल्याच नाहीत, उपाय वाटले. आंबेगाव-जुन्नरची पुष्कळ मुलं आता माझ्यासारखंच सर्व्हर सांभाळायचं काम करतात. त्यांच्यातल्या एखाद्याचा तरी असा एक दिवस वाचावा, म्हणून सगळं क्रमाने सांगतो.

शिनोली हे घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. डिंभे धरण जवळच. शाळेत असताना एका 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आम्हाला जुन्नर तालुक्यातल्या खोडदला नेलं होतं. तिथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण त्या दिवशी लोकांना पाहायला खुली असते. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, काही मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या तीन दिशांना दूरवर पांगलेल्या. त्या दूरच्या टोकांमधलं अंतर 25 किलोमीटरच्या घरात जातं. माहिती देणारे म्हणाले, ‘या तीस दुर्बिणी नाहीत बरं का, ही एकच दुर्बीण आहे.’ ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं. पुढे मी जे काम धरलं तेही याच जातीचं निघालं. अनेक सर्व्हर मिळून एकच डिस्क आहे असं वापरणाऱ्याला भासवायचं. त्याला वितरित फाइल प्रणाली म्हणतात, आणि आमच्या संस्थेत लस्टर नावाची प्रणाली होती.

लस्टरमध्ये फाइलच्या मजकुराचे तुकडे वेगवेगळ्या साठवण सर्व्हरांवर पसरलेले असतात. फाइलचं नाव काय, मालक कोण, कुणाला उघडता येईल, ही माहिती मात्र वेगळ्या सर्व्हरकडे असते. त्याला मेटाडेटा सर्व्हर म्हणतात. हा दारावरचा माणूस. कुणीही कुठलीही फाइल मागितली की आधी याच्याकडे यावं लागतं.

हा दारावरचा माणूस काय बघतो? आलेला कोण आहे, आणि तो कुठल्या कुठल्या गटात आहे. आमच्याकडे प्रत्येक संशोधन प्रकल्पाचा एक गट असे. गटातल्यांनाच त्या प्रकल्पाचं फोल्डर उघडे. एक विद्यार्थिनी तीन प्रकल्पांत असू शकते, एखादे ज्येष्ठ प्राध्यापक वीस-पंचवीस गटांत. जुन्या पद्धतीच्या एनएफएसमध्ये फाइल मागणारा आपल्या गटांची यादी मागणीसोबतच पाठवतो, आणि त्या यादीत 16 गटांपुरतीच जागा असते. सतरावा गट गळून पडतो. लस्टरचा मेटाडेटा सर्व्हर मागणाऱ्याच्या शब्दावर विसंबत नाही. तो एक छोटा मदतनीस प्रोग्रॅम चालवतो, त्याला माणसाचा क्रमांक देतो आणि विचारतो, ‘हा कुठल्या गटांत आहे?’ आलेलं उत्तर तो मूळ मांडणीप्रमाणे 1200 सेकंद, म्हणजे 20 मिनिटं, लक्षात ठेवतो. त्यानंतर त्याच माणसाची नवी मागणी आली की पुन्हा विचारतो.

माझी पुढची सगळी गोष्ट या एका प्रश्नाची आहे. एका माणसाचे गट कोणते?

अण्णा, म्हणजे माझे वडील, एका दूध संस्थेचं लिखाण बघायचे. त्यांच्यापुढे दोन वह्या असत. कीर्द आणि खतावणी. दिवसभरात जे घडेल ते घडेल त्या क्रमाने कीर्दीत. मग तीच नोंद खतावणीत, ज्याची त्याच्या पानावर. कुणी ओसरीवर येऊन विचारलं, ‘अण्णा, माझं किती निघतं?’ तर ते खतावणीतलं त्याचं पान उघडत. त्यासाठी वर्षाची कीर्द चाळायला बसले, असं मी कधी पाहिलं नाही. मी त्या वह्यांच्या शेजारी बसून अभ्यास केला आहे. तरी वेळ आली तेव्हा मी कीर्दच चाळली.

लिनक्समध्येही गट विचारायचे हे दोन रस्ते आहेत. एक ‘गेटजीआरएंट’. हा पहिला गट देतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि प्रत्येक गटाबरोबर त्यातल्या सगळ्या सभासदांची नावंही देतो. सहाशे गट असतील तर सहाशे वेळा विचारायचं आणि प्रत्येक यादीत आपल्या माणसाचं नाव शोधायचं. ही कीर्द. दुसरा रस्ता ‘गेटग्रुपलिस्ट’. त्याला माणसाचं नाव द्यायचं, तो त्याच माणसाच्या गटांचे क्रमांक देतो. ही खतावणी. आमच्याकडच्या लस्टरच्या आवृत्तीतला तो मदतनीस प्रोग्रॅम पहिल्या रस्त्याने जाणारा होता. हे मला 2018 मध्ये माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचं मी टाळलं. पहिली चूक तिथे झाली.

त्या वर्षी आम्ही माणसांची आणि गटांची सगळी नोंद एका एलडॅप सर्व्हरवर नेली. प्रत्येक यंत्रावर एसएसएसडी नावाची सेवा बसवली. ती एलडॅपला विचारते आणि उत्तरं जवळ ठेवते. लगेच तक्रारी सुरू झाल्या. माणूस गटात आहे, लॉगिन केल्यावर गट दिसतो, पण लस्टरवरचं फोल्डर उघडत नाही. कारण असं, की एसएसएसडी मूळ मांडणीत ‘सगळे गट दे’ या मागणीला उत्तरच देत नाही. सगळी यादी उलगडायचा पर्याय तिच्यात बंद ठेवलेला असतो. मदतनीस प्रोग्रॅम कीर्द मागत होता आणि त्याला कोरी वही मिळत होती.

थोडी शोधाशोध केल्यावर तो पर्याय चालू करायची ओळ सापडली. मी ती लिहिली, सेवा पुन्हा सुरू केली, फोल्डरं उघडायला लागली. या पर्यायाने यंत्रावर भार येतो, असं त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं आहे. मी ते वाचलं होतं. लिहिणाऱ्यांनी हा पर्याय मुळात बंद का ठेवला असेल, एवढा एक प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. तेव्हा गट दोनशेच्या आसपास होते, सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मला शाबासकीही मिळाली होती. केलेला बदल मी कुठेही नोंदवला नाही. काही महिन्यांत तो माझ्या स्वतःच्याही लक्षात राहिला नाही.

दुसरी चूक 2019 च्या शेवटी. तोवर गट वाढले होते. सकाळी दहाच्या सुमारास लोक कामाला लागले की फोल्डर उघडायला वेळ लागे, कधी नुसतंच ‘परवानगी नाही’ येई आणि दुसऱ्या प्रयत्नात उघडे. मदतनीस प्रोग्रॅमला ठरलेल्या वेळात उत्तर देता येत नव्हतं, म्हणून दार बंद होत होतं. मी वाट पाहायची मुदत वाढवली. उत्तर लक्षात ठेवायचा काळही 20 मिनिटांवरून 12 तासांवर नेला. तक्रारी कमी झाल्या.

मात्र या बारा तासांची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजत होतं. प्रकल्प सोडून गेलेल्या माणसाला अर्धा दिवस तिथलं सगळं उघडत राही. नव्याने गटात घेतलेल्या मुलाला संध्याकाळपर्यंत दार बंदच. तो विचारायला आला की मी सांगे, ‘उद्या सकाळी बघ, होईल.’ फारच निकड असेल तर मी सर्व्हरची आठवण पुसायची आज्ञा देई. त्या आज्ञेत एका माणसाचा क्रमांक देऊन फक्त त्याचीच आठवण पुसता येते. मी सवयीने उणे एक देत होतो, म्हणजे सगळ्यांचीच आठवण पुसत होतो. मग पुढच्या काही मिनिटांत जे जे काम करत असतील त्या सगळ्यांसाठी नव्याने कीर्द चाळली जाई आणि सर्व्हर गुदमरे. एका मुलाचं दार उघडण्यासाठी मी सगळ्या संस्थेचं दार अडवत होतो, आणि ‘नेटवर्क आज हळू आहे’ असं लोकांना सांगत होतो. ते मला खरंच वाटत होतं. पण मी ते तपासलं नव्हतं, आणि न तपासता सांगितलेली गोष्ट खोट्याच्या फार जवळ असते.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि मी शिनोलीला घरी आलो. इथून लांबून काम करताना प्रत्येक विलंब जास्त टोचायचा. मेमध्ये ठरवलं की आता मुळाशी जायचं. मी मोजणी केली, पण चुकीच्या मापाने केली. ही तिसरी चूक.

एका माणसाचे गट पाहायला आपण सगळे ‘आयडी’ ही आज्ञा वापरतो. मी एका प्राध्यापकांच्या नावाने ती चालवली. उत्तर यायला कितीतरी सेकंद लागले. मी निष्कर्ष काढला की एलडॅप मंद आहे आणि गट फार झाले आहेत. वास्तविक ‘आयडी’ दोन कामं करते. आधी माणसाच्या गटांचे क्रमांक मिळवते, आणि हे काम पटकन होतं. मग प्रत्येक क्रमांकाचं नाव छापण्यासाठी तो तो गट मागवते. गट मागवला की त्यातले सगळे सभासद सोबत येतात. नाव हवं एकाचं, आणि ओढून आणायचं अख्खं बिऱ्हाड. नुसते क्रमांक मागितले असते, म्हणजे त्याच आज्ञेला मोठ्या लिपीतला ‘जी’ जोडला असता, तर उत्तर क्षणात आलं असतं आणि वेळ कुठे जातो ते तिथेच दिसलं असतं. माझ्या मनात गट फार झालेत हे आधीच ठरलेलं होतं. त्याला पुष्टी देणारं माप मिळालं, आणि मी मोजणं थांबवलं.

गट फार झालेत, तर कमी करायचे. बंद पडलेल्या प्रकल्पांचे गट काढून टाकायचे. त्याची पहिली पायरी म्हणून मी ती स्क्रिप्ट लिहिली. एलडॅपमधून सगळ्या गटांची यादी आणायची. लस्टरवरच्या प्रत्येक प्रकल्प-फोल्डरचा गट क्रमांक त्या यादीत शोधायचा. सापडला नाही तर ते फोल्डर बेवारस समजायचं आणि आतल्या सगळ्या फाइलींसकट ‘संग्रह’ नावाच्या एका गटाकडे सोपवायचं.

आमचा एलडॅप सर्व्हर ओपनएलडॅपचा होता. त्याच्या मूळ मांडणीत एका मागणीला जास्तीत जास्त 500 नोंदी मिळतात. त्यापुढे तो थांबतो आणि मर्यादा ओलांडली, असा निरोप देतो. तो निरोप चुकांच्या वाटेने येतो. माझ्या स्क्रिप्टमध्ये चुकांची वाट मी बंद करून ठेवली होती, पडद्यावर गर्दी नको म्हणून. आज्ञा संपताना जो क्रमांक परत देते, तोही पाहिला नव्हता. आमचे गट तेव्हा सहाशेच्या वर गेले होते. यादीत आले 500. उरलेल्या शंभरावर गटांची फोल्डरं स्क्रिप्टच्या दृष्टीने बेवारस ठरली.

सगळ्यात जास्त टोचतं ते पुढचं. स्क्रिप्टने पडद्यावर छापलं होतं, ‘गट सापडले: 500’. मी तो आकडा वाचला. खऱ्या जगातली मोजदाद इतकी गोल येत नाही. अण्णांच्या वहीत कधी महिन्याची बेरीज नेमकी गोल आली, तर ते हातातली लेखणी खाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून बघत. मी आकडा वाचला आणि पुढचं बटण दाबलं. फोल्डरांचे जुने गट क्रमांक आधी लिहून ठेवावेत, हेही सुचलं नाही.

3 जूनला दुपारी वाऱ्याने जोर धरला. गोठ्याचे पत्रे उडाले, दारातल्या झाडाची मोठी फांदी विजेच्या तारेवर आली. आमच्या पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात हिरड्याची झाडं मोडली. हिरडा गोळा करून ज्यांचं वर्ष निघतं त्यांच्यासाठी तो फार मोठा घाव होता. वीज गेली ती लवकर येईना. 5 तारखेला वटपौर्णिमा होती. आई आणि शेजारच्या बायका पडलेल्या फांद्या ओलांडून वडाला गेल्या. मी फोन चार्ज करायला मोटरसायकलवर घोडेगावला गेलो. तिथे रेंज आली, आणि एकामागून एक संदेश येत राहिले.

पहिला संदेश 2 तारखेच्या रात्रीचा, एका विद्यार्थिनीचा होता. ‘सर, माझ्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये मला जाता येत नाहीये. रांगेतली कामंही बंद पडलीत. प्रबंधाची शेवटची आकडेमोड आहे.’ मग 3 तारखेला पुन्हा. मग 4 तारखेला फक्त, ‘सर, प्लीज.’

मी रस्त्याच्या कडेला उभं राहून तिला उत्तर लिहिलं, ‘तुझं नाव गटातून निघालं असेल. आधी तुझ्या मार्गदर्शकांना विचार.’

हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. स्क्रिप्टची चूक अज्ञानातून झाली, हलगर्जीपणातून झाली. हे वाक्य मात्र सवयीतून आलं. बिघाड समोरच्याच्या बाजूला आहे असं गृहीत धरायची सवय. तीन दिवस वाट पाहिलेल्या मुलीला मी काहीही न तपासता दुसऱ्या दारी पाठवलं.

माझ्यासोबत काम करणारा एक तरुण सहकारी पुण्यातच अडकला होता. त्याने त्या फोल्डरची नोंद पाहिली आणि मला फोन केला. ‘सर, तिचा गट एलडॅपमध्ये आहे, तिचं नावही आहे. पण फोल्डरचाच गट बदललाय. “संग्रह” दाखवतोय. हे कुणी केलं?’

मी म्हणालो, ‘मी केलं.’ तेवढं लगेच म्हणता आलं, याचं मला थोडं समाधान आहे. त्याने पुढे काही विचारलं नाही. ‘किती फोल्डरं असतील?’ एवढंच विचारलं. तेव्हा मला तो 500 चा आकडा आठवला, आणि आठवताक्षणी सगळं उमजलं.

घोडेगावात एका ओळखीच्यांच्या दुकानात बसून मी दोन दिवस काम केलं. आमच्याकडे दर रविवारी सगळ्या प्रकल्प-फोल्डरांची एक यादी निघत असे, तिच्यात मालक आणि गट दोन्हींचे क्रमांक असत. 31 मे चा रविवार हाताशी आला. ती यादी वरच्या दोनच पातळ्यांची होती. तेवढ्यावरून बहुतेक प्रकल्प परत जागेवर आणता आले. आत खोलवर कुणी आपसांत वेगळी वाटणी केली असेल, तर ती मात्र पुसली गेली होती. अशा ठिकाणी आम्ही एकेका प्रकल्पाला विचारून पुन्हा मांडणी केली. ते काम कित्येक आठवडे चाललं. एका प्रकल्पाची जुनी वाटणी जशीच्या तशी कधीच परत आली नाही. मजकूर कुणाचाही गेला नाही. पण त्या विद्यार्थिनीला कामं पुन्हा रांगेत लावावी लागली आणि प्रबंधासाठी मुदत वाढवून मागावी लागली.

सगळ्यांना पत्र लिहिलं. काय झालं, कुणी केलं, कसं केलं, काय परत आलं आणि काय आलं नाही. ‘तांत्रिक अडचणीमुळे’ हे शब्द पहिल्या मसुद्यात आले होते, ते काढले. त्या विद्यार्थिनीला वेगळं पत्र लिहिलं आणि घोडेगावच्या रस्त्यावरून पाठवलेल्या त्या उत्तराबद्दल माफी मागितली. तिचं उत्तर आलं, ‘सर, निदान कारण कळलं. मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकलंय.’ आपण समोरच्यावर टाकलेला संशय समोरचा खरा मानून चालतो, हे मला तोवर जाणवलं नव्हतं.

मग मूळ दुखण्याकडे वळलो. मदतनीस प्रोग्रॅम लस्टरच्या खुल्या संहितेतला आहे, आणि सर्व्हरने कुठला मदतनीस वापरायचा हे आपण ठरवू शकतो. सहकाऱ्याने तो उघडला आणि मला ती ओळ दाखवली. पहिल्या गटापासून शेवटच्या गटापर्यंत फिरणारं चक्र. आम्ही ते चक्र काढलं आणि त्या जागी गेटग्रुपलिस्टला केलेली एक हाक घातली. एलडॅपवर सभासदाच्या नावाची सूची आहे ना, ते पाहिलं. ती नव्हती! म्हणजे खतावणीच्या रस्त्याने विचारलं असतं तरी आत कुणीतरी कीर्दच चाळली असती. सूची बांधली. एसएसएसडीमधला सगळी यादी उलगडायचा पर्याय बंद केला, आणि गटासोबत सभासदांची नावं ओढून आणू नयेत असा तिच्यातच एक पर्याय आहे, तो चालू केला. सर्व्हरची आठवण पुन्हा 20 मिनिटांवर आणली. उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत यायला लागलं. गट कमी करायची गरजच नव्हती. सहाशेचे सहा हजार झाले, तरी एका माणसाचं पान एकच असतं.

तिथेही एक वळण आलं. गेटग्रुपलिस्टला उत्तर ठेवायला जागा द्यावी लागते. जागा कमी पडली तर ती मावतील तेवढे गट देते, उणे एक परत करते आणि एकूण किती जागा लागेल तो आकडा सांगते. मी पहिल्या मसुद्यात 32 गटांची जागा ठेवली होती. आमच्याकडे त्याहून जास्त गटांत असलेले दोघेजण होते. त्यांची यादी अर्धवट तुटली असती, तीसुद्धा गुपचूप, अगदी 2 जूनच्या यादीसारखी. या वेळी परत आलेला आकडा मी पाहिला. कमी पडली तर हवी तेवढी जागा घेऊन पुन्हा विचारायचं, अशी चार ओळींची भर घातली. त्या चार ओळी शिकायला मला शंभर प्रकल्पांचे दिवस खर्ची घालावे लागले.

पुढे या विषयाचं वाचत गेलो तेव्हा कळलं की हा प्रश्न लोकांनी कितीतरी आधी नीट विचारला होता. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने आयबीएमच्या साथीने अँड्र्यू फाइल सिस्टीम उभारली. मूळचे भारतीय असलेले महादेव सत्यनारायणन त्या कामातल्या प्रमुखांपैकी एक. तिथे गटांसाठी वेगळा संरक्षण सर्व्हर आहे. फाइल सर्व्हर त्याला एका माणसाचा क्रमांक देतो आणि त्या माणसाला लागू होणारे सगळे गट एकत्र मिळवतो. सगळ्या गटांची यादी मागायचीही सोय आहे, पण ती प्रशासकापुरती ठेवली आहे. लस्टरचं कामही 1999 मध्ये त्याच विद्यापीठात पीटर ब्राम यांनी सुरू केलं. म्हणजे माहिती होती, रस्ता होता, लिहिलेलंही होतं. मी माझी ओळ चालली म्हणून पुढे वाचलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी अण्णांना हे सगळं सांगितलं. त्यांना सर्व्हर कळत नाही, वह्या कळतात. मी म्हणालो, ‘अण्णा, खतावणी असताना मी कीर्द चाळत बसलो.’ त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘कीर्द चाळलीस ते ठीक आहे. कधी कधी चाळावी लागते. ताळा पाहिला होतास का?’

महिनाअखेरीला ते दोन्ही वह्यांच्या बेरजा जुळवून पाहत. जुळल्याशिवाय उठत नसत. मी तोपर्यंत समजत होतो की माझी चूक हळू रस्ता धरण्याची होती. हळू रस्त्याने लोकांचा वेळ जातो, त्याने कुणाचा हक्क जात नाही. हक्क गेला तो अपुरी यादी पूर्ण मानल्यामुळे. आम्ही गटांना क्रमांक ओळीने देत होतो, आणि शेवटचा क्रमांक माझ्यासमोर होता. त्यातून पहिला वजा केला असता तरी सहाशेच्या वरचा आकडा आला असता, आणि 500 शी तो जुळला नसता. दहा सेकंदांची वजाबाकी होती.

तेव्हापासून कुठलीही यादी हातात आली की मी आधी ती किती लांबीची असायला हवी ते दुसऱ्या वाटेने काढतो. जुळली तरच पुढे जातो. काही बदलायचं असेल तर आधीची स्थिती लिहून ठेवतो, आणि चुकांची वाट कधीही बंद करत नाही. कुणी लिहिलं की ‘सर, उघडत नाहीये’, तर उत्तर देण्याआधी मी स्वतः जाऊन ते दार ढकलून पाहतो.